थावराच्या नावेचं इंजिन

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी थावरानं इंजिन आणलं. आणलं म्हणजे, आधी बांबूनं नाव रेटत ईसापूर धरणाच्या अलीकडच्या काठाला लावली, इंजिनाची दोन्ही जड चाकं उतरवून वेगळी केली आणि सगळं बैलगाडीत घालून जळबा मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडाखाली आणून टेकवलं. टेकवताना इंजिनाच्या पोटातून गढूळ पाणी गळालं. मिस्त्रीच्या बायकोनं, भागूबाईनं, तिथं नुकतंच सारवलं होतं.

"इंजिन हाय का म्हैस?" ती म्हणाली. "दाव्याला बांधायच्या आधीच मुतली."

गाडीवाला हसला. थावरा हसला नाही. त्याचे दोन्ही तळहात बांबू रेटून सोलले होते आणि त्यावर त्यानं हळद भरली होती. त्याचा तांडा पलीकडच्या काठावर, पुसदच्या हद्दीत. धरण भरलं की तांड्याला या बाजूचा बाजार, दवाखाना, गिरणीचे सुटे भाग, सगळं नावेनं वीस मिनिटांवर आणि सडकेनं गेलं तर अर्ध्या दिवसावर. नागपंचमीच्या पावसात नाव काठालाच भरली आणि बुडाली. इंजिन बारा दिवस पाण्याखाली होतं.

"शहरात दाखवलं एका जागी," थावरा जळबाच्या कानाशी ओरडला. "थो म्हणे भंगारात घाल. नवं घे म्हणे. बाबा, तुमी सांगा आता."

जळबाला ऐकू येत नव्हतं. चाळीस वर्षं विहिरीवरच्या, गिरणीवरच्या, हळद शिजवायच्या जागेवरच्या इंजिनांशेजारी बसून त्याचे कान गेले होते. तो बोलणाऱ्याचे ओठ बघायचा. त्यानं थावराचे ओठ बघितले, मग खाली बसून इंजिनाच्या दांड्याला हात घातला आणि जोर लावला. दांडा हलला नाही. म्हाताऱ्यानं इंजिनाच्या अंगावर थापटलं.

"अडकलंय," तो म्हणाला. "मेलं न्हाई."

म्हाताऱ्याची सून सरिता चहा घेऊन आली. चहा देताना तिनं इंजिनाकडे एकदा बघितलं आणि पदर पुढे ओढून घरात गेली. थावरा जाईपर्यंत ती बाहेर आली नाही. गाडी वळून गेल्यावर तिनं दाराआडचा जुना शर्ट साडीवर चढवला, कमरेला सुतळी बांधली आणि पाना हातात घेतला.

सहा वर्षं हे असंच चाललं होतं. जळबाच्या हातांना कंप सुटला तेव्हापासून. चहाची बशी त्याच्या हातात वाजायची. नोझलसारखी बारीक वस्तू तो धरायला जायचा आणि ती बोटांतून निसटायची. पहिल्यांदा ती उचलून द्यायला म्हणून सरिता शेडात बसली, मग बसवायला, मग खोलायला. आता हात सगळा तिचा होता आणि डोकं दोघांचं. फक्त गिऱ्हाईक आलं की ती हात पुसून आत जायची, जळबा पाना घेऊन बसायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, तुमच्या हाताला यश हाय. चहाच्या कपाला रॉकेलचा वास का येतो, हे कुणी विचारलं नाही.

त्या आठवड्यात प्रमोद सुटीला आला. तो सरिताचा नवरा, वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानात कामाला. लेक साक्षी हिंगोलीला नर्सिंगच्या वसतिगृहात. घरात उरली तीन माणसं, आणि ती तिघंही फाट्यावर न्यावीत असं त्याच्या मनात दोन वर्षांपासून होतं. तो वाईट माणूस नव्हता. आल्याआल्या त्यानं आईच्या खाटेची सैल झालेली पट्टी ताणून दिली, मग बोलला.

"खोली बघितली मी. दोन खण हायेत, नळ घरात हाय."

"हितं काय कमी हाय?" भागूबाई म्हणाली.

"माय, बाला ऐकू येत न्हाई. हात चालत न्हाई. शेड कोणासाठी ठेवायचं?"

सरिता दोन तळव्यांमध्ये काठी धरून इंजिनाचा वॉल्व्ह घासत होती. काठीच्या टोकाला रबराची चकती, चकतीला वॉल्व्ह चिकटलेला, खाली घासायची मेणचट पूड. ताक घुसळावं तशी काठी इकडून तिकडे फिरत होती. तिनं काठी थांबवली नाही.

"मी हाय की," ती म्हणाली.

"तू हायस. मला म्हाईत हाय तू करतीस." प्रमोदचा आवाज खाली आला. "पण लोक इंजिन तुला आणून देत न्हाईत, बाला आणून देतात. बा गेल्यावर कोण आणील? एक नाव सांग."

सरितानं वॉल्व्ह उचलून त्याची कड बघितली. एकही नाव तिला आठवलं नाही.

"हे थावराचं होऊ द्या," ती म्हणाली. "मग बघू."

"पौर्णिमेलोक थांबतो म्हणला खोलीवाला. त्याच्या पुढं न्हाई."

"पौर्णिमेलोक होईल."

तिचा वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेला तिनं विहारात शील घेतलं होतं, आश्विनापर्यंत रोज पाळायचं. पहाटे अंघोळ करून वंदना, पंचशील म्हणायचं, आणि दुपारी बारानंतर अन्न नाही. पाणी, फार तर गुळाचं पाणी. भागूबाईला हे पटायचं नाही. ती स्वतः बुद्धवंदना मोठ्यानं म्हणायची, पण पोट रिकामं ठेवून लोखंड उचलायचं कुठं लिहिलंय, असं विचारायची.

"भंते काय इंजिन खोलत होते का? ते बसून राहत होते. त्यांना जमतं."

"आत्या, मला तकलीफ होत न्हाई."

"तुला होत न्हाई. बघून मला होती."

म्हणून साडेअकराला भागूबाई स्वतः शेडाच्या दारात ताट घेऊन उभी राहायची आणि सरितानं हात धुवेपर्यंत तिला रागवत राहायची.

पिस्टन निघायला चार दिवस लागले. सिलिंडरमध्ये रॉकेल आणि डिझेल ओतून ठेवायचं, सकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून घणानं ठोकायचं, संध्याकाळी परत ओतायचं. ठोकताना सरिता घण डोक्यावर नेत नसे. कमरेतून वळून, मुसळ पडावं तसा तो सोडायची. जळबा पिस्टनच्या खालच्या अंगाला बोट लावून बसायचा. कंप असलेल्या त्या बोटाला दुसरं काही कळो न कळो, लोखंड केसभर हललेलं कळायचं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "आलं." पुढं अर्धा तास ठोकल्यावर सरितालाही दिसलं.

त्याच दिवशी इंजिनाच्या अंगातली पाण्याची कोठी साफ करताना आतून खेकडा निघाला. जिवंत. बोटाएवढी नांगी वर करून तो कोठीच्या तोंडाशी आला आणि तिथंच थांबला, घरमालकासारखा.

"भाडेकरू हाय," जळबा म्हणाला.

सरितानं त्याला फडक्यात घेतलं. हातातलं काम टाकून ती ओढ्यापर्यंत गेली, उन्हात, अनवाणी, आणि पाण्याच्या कडेला फडकं उघडून उभी राहिली. खेकडा थोडा वेळ फडक्यातच बसला. मग गेला. परत येताना थावरा वाटेत भेटला. तो दर दोन दिवसांनी चौकशीला यायचा.

"सोडला?" तो हळहळला. "तांड्यावर देला असता तं कालवण झालं असतं न बाई."

"तुमच्याच इंजिनात होता. तुमचा पाहुणा."

थावराचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. कोपरापर्यंत काळे हात, नखात गंज, मनगटावर घासलेल्या कातडीचा पट्टा. ती ते पदरात घ्यायला विसरली होती.  शेडात आल्यावर थावरानं जळबाकडे न बघता सरळ तिला विचारलं, "पिस्टनच्या रिंगा कोणत्या आणू?"

सरितानं जळबाकडे बघितलं. जळबा ओठ बघत नव्हता, की बघितले नसल्यासारखं करत होता. तिनं जुनी रिंग सुतळीनं मापून दिली आणि सांगितलं, "ही सोबत न्या. नुसतं माप तोंडी सांगू नका."

रिंगा आल्या. सिलिंडरच्या आतला लायनर घासून गुळगुळीत झाला. क्रँक ज्यात फिरतो त्या बुशाला जळबाची जुनी रीत होती: कंदिलाच्या काचेवरचं काजळ तेलात कालवून क्रँकला लावायचं, बुश वर बसवून एक फेरा द्यायचा, उघडायचं. काजळ जिथं उमटलं तिथं बुश उंच. तेवढंच खरवडायचं. परत काजळ, परत फेरा. सरितानं ते एकवीस वेळा केलं. शेवटी बुशभर काजळ सारखं उमटलं, तेव्हा जळबानं ते चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, आणि तंबाखूची डबी उघडली. हीच त्याची शाबासकी.

वॉल्व्हची फट त्यानं पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून लावून घेतली. पोस्टकार्ड १९९४ सालचं, जळबाला त्याच्या भावानं लिहिलेलं. तुकडे कापून कापून आता त्याच्यावर फक्त 'सर्वांना जय भीम' एवढंच उरलं होतं.

दशमीच्या दिवशी इंजिन शेडातच चालवून बघितलं. सरितानं दांडा घातला, वॉल्व्ह उचलायची कडी वर केली, फिरवलं, एक, दोन, तीन, चार फेरे, आणि कडी सोडली. इंजिन खोकलं. धुराचा काळा गोळा पत्र्याला जाऊन लागला. मग दुसरा. मग ते चालू झालं. भक्, भक्, भक्, सारखं, न चुकता. भागूबाईची कोंबडी पाटी उलटवून पळाली.

जळबानं बाभळीची काठी घेतली. एक टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. कानांना जे पोचत नव्हतं ते दातांतून पोचायचं. बुशाजवळ, डोक्याजवळ, पंपाजवळ, काठी सरकत गेली. सरिता त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. इंजिनाकडे बघायची तिला गरज नव्हती.

म्हाताऱ्यानं काठी दातांतून काढली. तिच्यावर दातांच्या खुणा उठल्या होत्या.

"माझ्या हातानं असं झालं नसतं," तो म्हणाला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा मोठा आवाज, शेजारच्या तीन घरांत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याला ताप आला. इंजिन गाडीत घालून काठावर नेलं तेव्हा तो अंथरुणात होता. सरिता एकटीच गेली. थावरा आणि तांड्यावरची तिघं नाव कलती करून थांबली होती. इंजिन आत घेतलं, लाकडाच्या ओंडक्यावर ठेवलं आणि सरितानं नाव ढकलणाऱ्या पंख्याचा लांब दांडा इंजिनाच्या टोकाला जोडायला घेतला. तेव्हा तिच्या लक्षात आलं: त्या टोकाची खाच, जिच्यात लोखंडाची चावी ठोकून दांडा पक्का करायचा, ती झिजून रुंद झाली होती. चावी आत डुगडुगत होती. इंजिनाच्या क्रँकला दोन टोकं असतात. दुसऱ्या टोकाची खाच कोरी होती, नव्यासारखी. कधी वापरलीच नव्हती.

"फिरवा," ती म्हणाली. "हे तोंड तिकडं करा."

"पयले असं नव्हतं," थावरा म्हणाला.

"काही फरक पडत न्हाई."

विहिरीवर खरंच पडत नव्हता. सहा वर्षांत तिनं दीडदोनशे इंजिनं बघितली, सगळी जमिनीवर. इंजिन कसंही बसवा, पंप उलटा फिरायला लागला तर मधला पट्टा काढायचा, आठाच्या आकड्यासारखा आडवा टाकायचा, पंप सुलटा फिरतो. यात विचार करण्यासारखं काही असतं हेच तिच्या हातांना माहीत नव्हतं. इंजिन फिरवलं गेलं. चावी नव्या खाचेत इतकी घट्ट बसली की तिला बरं वाटलं.

नाव सोडायच्या दिवशी काठावर चाळीसेक माणसं होती. जळबाचा ताप उतरला होता. तो कानटोपी घालून दगडावर बसला. प्रमोद चार दिवसांची रजा टाकून आला होता. थावरानं नारळ फोडला, नावेच्या टोकाला लाल कापड बांधलं. नावेचं तोंड पाण्याकडे होतं, पाठ काठाकडे. काठाच्या चिखलात पाटलाच्या दोन म्हशी बसल्या होत्या.

या खेपेला सरिता आत गेली नाही. जायला घरच नव्हतं. ती नावेत चढली, पदर खोचला आणि माणसांसमोर दांडा फिरवला.

इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थावरानं दोर सोडला. पाणी पुढच्या अंगाला उसळलं, नाव थरथरली, आणि निघाली. मागे.

"आरं आरं आरं!" कुणीतरी ओरडलं. नाव पाठमोरी सरळ काठावर आली, म्हशी उठून पळाल्या, माणसं पळाली, पंखा चिखलात रुतला, इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद पडलं. थावरा नावेच्या टोकावर लाल कापडाला धरून उभा होता, तोंड धरणाकडे, पाठ गावाकडे.

आधी कुणी हसलं नाही. मग एक म्हातारी हसली आणि सगळा काठ हसला.

"थावरा, तुला तांड्यावर जायचंच न्हाई, इंजिनाला कळलं!"

"भूमिपूजन करून राहिली बोट, चिखलात!"

"बरं हाय ना, जाताना पाठमोरा जा, येताना नाव वळवायचं काम न्हाई!"

सरिता नावेत उभीच होती.  तिनं पंख्याकडे बघितलं, इंजिनाच्या चाकाकडे बघितलं, हवेत बोटानं एक वर्तुळ काढलं आणि तिला सगळं कळलं. इंजिनाचं तोंड फिरवल्यावर पंखाही उलटा फिरत होता, आणि इथं पट्टा नव्हता. आडवा टाकायला काही नव्हतंच.

प्रमोद मान खाली घालून चपलेचा चिखल काढत होता.

जळबा दगडावरून उठला. हसू त्याला ऐकू आलं नव्हतं, पण तोंडं दिसली होती. त्यानं काठी वर केली. "माझी चूक हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "म्याच सांगितलं व्हतं तिला, इंजिन फिरवून बसव म्हणून. म्हाताऱ्याचं डोकं. तिचा दोष न्हाई."

हसणं जरा कमी झालं. म्हाताऱ्या माणसाला किती हसणार. "वय झालं मिस्त्रीचं," कुणीतरी म्हणालं, आणि दोघाचौघांनी माना हलवल्या. इथं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. जळबाचं नाव मोठं होतं. एवढं त्यात जिरलं असतं.

सरिता नावेतून उतरली. पाणी पोटरीपर्यंत होतं. ती बोलली ते मोठ्यानं नाही. तिला मोठ्यानं बोलता येत नसे. पण काठ गप्प झाला होता.

"मामांनी न्हाई सांगितलं. मामा तापात व्हते. इंजिन म्या फिरवलं."

"काहून फिरवलं पण?" मागून एकानं विचारलं.

"त्या टोकाची खाच खराब हाय. म्हणून म्या चांगलं टोक धरलं. नावेचं मला म्हाईत नव्हतं. चूक माझी हाय."

"आन् इंजिन? थे कोणं केलं?" हा थावरा होता. अजून नावेच्या टोकावरच उभा.

सरितानं एकदा जळबाकडे बघितलं. "मामांनी शिकवलं. केलं म्या."

"सारं?"

"सारं."

थावरा खाली उतरला. चिखलातून चालत आला. "मंग आता सुलटं कोण करन?"

"मीच करीन. पौर्णिमेलोक."

"करा," थावरा म्हणाला. "इंजिन तं वाघासारखं चालते. फक्त वाघ माघारी चालून राहिला." आणि तो पहिल्यांदा हसला, पोट धरून, चिखलात उभा राहून. त्याचं बघून सरितालाही हसू आलं, पदर तोंडाला लावूनसुद्धा ते आवरेना.

त्या संध्याकाळी प्रमोद पिशवी घेऊन ओट्यावर बसला. मग म्हणाला, "इंजिन नावेतच उचलायचं का बाहेर काढून?"

"नावेतच. माणसं कुठं बोलवायची परत."

"माझ्या पिशवीत दुकानचा जॅक हाय."

त्रयोदशीला आणि चतुर्दशीला ती दोघं नावेत होती. जॅकनं इंजिन वितभर उचललं, खाली फळ्या सारल्या, तसूतसूनं फिरवत जुन्या दिशेला आणलं. मग खाच. झिजलेली खाच भरून येणार नव्हती. तिच्यापासून पाव फेऱ्यावर, कोऱ्या लोखंडात, नवी खाच पाडायची होती. छिन्नी आणि कानशीनं, हातानं. जळबा काठावर बसून बोट दाखवायचा: इतकी तिरपी न्हाई, उभी धर, थोडं थोडं घे, लोभ करू नको. सरिता नावेच्या तळात मांडी मोडून बसलेली, गुडघे ओल्या लाकडावर, मान वाकडी. छिन्नीचा प्रत्येक घाव नावेतून पाण्यात जायचा आणि पाण्यावर बारीक शहारा उठायचा. प्रमोद दांडा फिरू नये म्हणून चाकाला छाती लावून धरायचा. दर घावाला त्याचे दात वाजायचे.

"असं सहा वर्षं?" त्यानं एकदा विचारलं.

"रोज न्हाई. हळदीच्या दिवसांत जास्त."

दोन्ही दिवस अकरा वाजता भागूबाई डोक्यावर टोपली घेऊन काठावर आली. तिसऱ्या प्रहरी सरिताचा हात जड व्हायचा. ती छिन्नी खाली ठेवून ओंजळभर पाणी तोंडावर मारायची, पाच श्वास डोळे मिटून बसायची आणि परत छिन्नी घ्यायची. प्रमोदही दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जेवला नाही. तिनं विचारलं तर म्हणाला, भूक न्हाई. संध्याकाळी भागूबाईनं त्याला चुलीमागं उभ्यानं भाकरी खाताना पकडलं.

"शील मोडलं का रं?"

"मी घेतलंच नव्हतं, माय."

पौर्णिमेला सरिता पहाटे विहारात जाऊन आली. पांढरी साडी, अष्टशील. साडी बदलायला वेळ नव्हता. तिनं वरून शर्ट चढवला. चावी नव्या खाचेत ठोकली. सहा घावांत ती जाऊन बसली, आणि प्रमोदनं दांडा हलवून बघितला तर तिळभर हलला नाही. या खेपेला काठावर फारसं कुणी नव्हतं. एकदा हसून झाल्यावर लोक सोयाबीनच्या कामाला लागले होते. म्हशी मात्र होत्या, लांब.

नाव पुढे गेली.

थावरानं सुकाणू धरलं, जळबा काठी दातांत घेऊन इंजिनाशी बसला, प्रमोद मध्ये, सरिता टोकाला. पाणी सपाट होतं आणि दोन बाजूंना फाटत होतं. बुडालेल्या बाभळींचे शेंडे मागे गेले. सरितानं कितीतरी वर्षांत नावेतून प्रवास केला नव्हता. इंजिन चालू असताना आपण बसून राहायचं, काही करायचं नाही, हे तिला जमेना. ती सारखी वळून धूर बघत होती. धूर पांढुरका, पातळ. बराबर होता.

पलीकडच्या काठावर थावराची बायको चांगुणा उभी होती, एका हातात मोबाईल, एका हातात टोपली. नाव लागायच्या आधीच ती ओरडली, "बाराले वीस कमी! लवकर उतरा! बाई जेवत नाही म्हणे बारानंतर!"

"हिला कोण सांगितलं?" सरिता म्हणाली.

"साऱ्या तांड्याले मालूम हाय," थावरा म्हणाला.

सरिता जेवली. बाजरीची भाकरी, आंबाडीची भाजी, दही. चांगुणा समोर उकिडवी बसून घड्याळ बघत होती आणि दर दोन घासांनी किती मिनिटं उरली ते सांगत होती. बाराला तीन कमी असताना सरितानं हात धुतला. तिच्या पांढऱ्या साडीवर पाच काळी बोटं उमटली होती. चांगुणानं ती बघितली आणि पाण्याचा तांब्या दुसऱ्यांदा भरून दिला.

तेवढ्यात पुनमचंद आला. तांड्यावरच्या पिठाच्या गिरणीचा मालक, धोतराला पीठ, भुवयांना पीठ. त्यानं जळबाला राम राम घातला आणि त्याच्या कानाशी ओरडला, "बाबा, माह्या गिरणीचं इंजिन ठोकून राहिलं. जड झालं की आतून ठक ठक करते. कवा येता?"

जळबानं त्याचे ओठ बघितले. मग काठी उचलली आणि तिच्या टोकानं सरिताकडे दाखवलं.  

पुनमचंद वळला. त्यानं सरिताला आपादमस्तक बघितलं. शर्ट, पांढरी साडी, हात. "ज्यानं नाव माघारी नेली थे इंजिन तुमीच केलं का?"

"मीच."

"अन् आज पुढं आणली थे बी?"

"मीच."

पुनमचंद विचारात पडला. गिरणी बंद तर तांडा भाकरीवाचून. "ठक ठक कवाची?" सरितानं विचारलं. "थंड असताना होती का तापल्यावर?"

"तापल्यावर."

"डिझेल कमी केलं की थांबती?"

"थांबते. तुमाले कसं समजलं?"

"बुश असंल. हितं न्हाई होणार, शेडात न्यावं लागंल. आठ दिवस."

पुनमचंदनं पोरांना हाक मारली. गिरणीचं इंजिन लाकडाच्या बल्लीला बांधून सहा माणसांनी काठावर आणलं, ओल्या फळीवरून नावेत सरकवलं. नाव चार बोटं खाली बसली. थावरानं पाण्याची रेघ बघितली, माणसं बघितली आणि सरिताकडे बघून मान हलवली.

"बाबा न् मिस्त्री एवढेच. लय वजन झालं."

"आन् मी?" प्रमोद म्हणाला.

"तुमी दुसऱ्या खेपेले. घंटाभरात येतो."

प्रमोद काठावर उतरला. पँट गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात. सरितानं दांडा उचलून इंजिनाला लावला, कडी वर केली.

"अगं," तो म्हणाला. "आज पौर्णिमा. खोलीवाल्याला फोन करायचाय. काय सांगू?"

सरितानं दांडा धरलेला हात तसाच ठेवला. "दुसरा भाडेकरू बघ म्हणावं."

प्रमोदनं मान हलवली. राग नव्हता त्याच्या तोंडावर. "मग मी सांगतो त्याला," तो म्हणाला. "आन् ऐक, जॅक घरीच राहू दे. दुकानात मी दुसरा बघतो."

"बरं," ती म्हणाली, आणि दांडा फिरवला.

नाव जड होती, सावकाश निघाली. प्रमोद आंब्याच्या झाडाखाली बसला आणि खिशातून फोन काढला. चांगुणानं त्याच्यासाठी भाकरीची टोपली पुन्हा उघडली. त्याला बाराचं बंधन नव्हतं.